अत्याचारग्रस्त मुलांच्या न्यायवैद्यक तपासणीसाठी परिचारिकांना कसं तयार करावं: रुग्णालयांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

रात्री पोलीस एखाद्या मुलीला घेऊन अपघात विभागात येतात, तेव्हा तिला पहिली भेटते ती ड्यूटीवरची सिस्टर. डॉक्टर थिएटरमध्ये असतात किंवा ऑन-कॉल मॅडम घरून निघालेल्या असतात. तोवर मुलीला कुठे बसवायचं, शूला जाऊ द्यायचं का, आई कपडे बदलायला निघाली तर तिला काय सांगायचं, हवालदाराला दाराबाहेर कसं थांबवायचं, हे सगळं सिस्टरच ठरवते. त्या अर्ध्या-पाऊण तासात पुरावा टिकतो किंवा जातो. मुलीचा आपल्यावरचा विश्वासही तिथेच बसतो किंवा उडतो.

आपल्या कायद्यात तपासणीच्या अहवालावर सही नोंदणीकृत डॉक्टरांचीच लागते. ‘पॉक्सो’ म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, त्याच्या कलम २७ नुसार पीडित मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. अमेरिकेत १९७०च्या दशकात मेम्फिस, मिनिॲपोलिस अशा शहरांतून ही तपासणी प्रशिक्षित परिचारिका स्वतः करू लागल्या. आज तिथे मुलांच्या तपासणीसाठी नेमलेल्या परिचारिकेला ४० तासांचं वर्गशिक्षण घ्यावं लागतं, शिवाय देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करावं लागतं. आपल्याकडे ‘सही डॉक्टरांची’ म्हटल्यावर परिचारिकेचं शिक्षण दोन तासांच्या एका व्याख्यानात उरकलं जातं. हे चूक आहे, असं माझं ठाम मत आहे. संमतीपासून सीलबंद पाकिटापर्यंतच्या कामाचा मोठा भाग परिचारिकेच्या हातून होतो. डॉक्टर पाळीनुसार बदलतात, इंटर्न काही महिन्यांत निघून जातात, सिस्टर मात्र त्याच विभागात राहते. रुग्णालयात ही पद्धत रुजवायची असेल तर ती परिचारिकेत रुजवावी लागेल.

पहिली पायरी: माणसं निवडा, सेवाज्येष्ठता बघू नका

तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्ट्या आणि रजा धरल्या, तर चोवीस तास एक प्रशिक्षित परिचारिका हजर ठेवायला किमान सहाजणी तयार कराव्या लागतात. दोघींना प्रशिक्षणाला पाठवून ‘आमच्याकडे सोय आहे’ असं लिहिणं म्हणजे रात्रीच्या पाळीत सोय नसणं. अपघात विभाग, प्रसूती विभाग आणि बालरोग वॉर्ड, तिन्हीकडून माणसं घ्या. एखाद्या ब्रदरलाही घ्या. मुलग्यांवरही अत्याचार होतात आणि काही मुलग्यांना पुरुष कर्मचाऱ्याशी बोलणं सोपं जातं. काहींच्या बाबतीत याच्या नेमकं उलटं असतं, म्हणून मुलाला विचारायचं.

निवडताना इच्छा बघा. मेट्रननी यादी लावली म्हणून आलेली व्यक्ती या कामात टिकत नाही. कुणाच्या स्वतःच्या आयुष्यात असा अनुभव असू शकतो, हे पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सरळ सांगावं आणि कारण न देता बाहेर पडण्याची मुभा ठेवावी. बाहेर पडणाऱ्या व्यक्तीला ‘का?’ असं कुणीही विचारायचं नाही.

याच टप्प्यावर आणखी एक तास बाजूला काढा. तो केसपेपर काढणाऱ्या कारकुनासाठी, आयाबाई, वॉर्डबॉय आणि सुरक्षारक्षकांसाठी. ‘पॉक्सोची केस आली हो’ ही आरोळी कॉरिडॉरमध्ये एकदा घुमली की पुढचं सगळं प्रशिक्षण वाया गेलं. मुलाचं नाव फळ्यावर लिहायचं नाही, एमएलसीचं (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणांचं) रजिस्टर कुलपात ठेवायचं आणि कुणी फोनवर चौकशी केली तर माहिती द्यायची नाही. पीडित मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे आणि तो कारकुनाच्या हातूनही घडू शकतो.

दुसरी पायरी: कायदा, पण कामापुरता

कलमांची घोकंपट्टी करून घेऊ नका. परिचारिकेला पुढच्या गोष्टी पक्क्या माहीत असल्या की पुरे.

पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे आणि त्यात १८ वर्षांखालील प्रत्येकजण ‘बालक’ आहे, मुलगा असो वा मुलगी. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं कलम १९ नुसार बंधनकारक आहे. ते टाळणं शिक्षापात्र आहे आणि संस्थेच्या प्रमुखावर जास्त जबाबदारी आहे. कलम २७ नुसार गुन्हा नोंदवलेला नसला तरी तपासणी करता येते. त्यामुळे ‘आधी पोलीस स्टेशनला जाऊन यादी (तपासणीसाठी पोलिसांचं पत्र) घेऊन या’ हे वाक्य रुग्णालयात ऐकू येता कामा नये. २०२० च्या पॉक्सो नियमांत तातडीच्या उपचारांसाठी दंडाधिकाऱ्यांचं पत्र किंवा इतर कागद मागायला स्पष्ट मनाई आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफत प्रथमोपचार आणि वैद्यकीय उपचार द्यायचे आहेत. याच संहितेच्या कलम १८४ प्रमाणे डॉक्टरांनी सात दिवसांच्या आत अहवाल तपास अधिकाऱ्याकडे पाठवायचा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. वॉर्डातले जुने तक्ते अजून आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले १६४-अ आणि ३५७-क असेच क्रमांक दाखवत असतील तर ते बदला.

तपासणीच्या वेळी पालक किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती हजर हवी. अशी व्यक्ती नसेल तर संस्थेच्या प्रमुखाने नेमलेली महिला हवी. ती बहुतेकदा सिस्टरच असते, म्हणून हे नाव आगाऊ लेखी नेमून ठेवा. पोलीस तपासणीच्या खोलीत नकोत, महिला पोलीसही नकोत.

ग्रामीण रुग्णालयात महिला डॉक्टर नसणं ही नेहमीची अडचण आहे. जवळच्या महिला डॉक्टरांचे फोन नंबर अपघात विभागात असलेच पाहिजेत, शासकीय आणि खासगी दोन्ही. प्राथमिक केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून उपजिल्हा, तिथून जिल्हा, अशी मुलीची पाठवापाठवी होते. प्रत्येक टप्प्यावर तिला तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागते आणि पुरावा विरत जातो. पाठवावंच लागलं तर आधी उपचार करा, अंगावरचे कपडे बदलले असतील तर ते कागदी पाकिटात सील करा आणि काय केलं, काय राहिलं हे लेखी द्या. शक्य असेल तर सोबत परिचारिका पाठवा.

तिसरी पायरी: संमती

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मूल १२ वर्षांखालील असेल तर पालकांची संमती घेतात. १२ पूर्ण झालेल्या मुलाची स्वतःची संमती लागते. तपासणी, उपचार आणि पुरावा गोळा करणं या तिन्ही गोष्टींसाठी संमती वेगवेगळी विचारायची आणि वेगवेगळी नोंदवायची. एखादी मुलगी औषधं घ्यायला तयार असते, पण तपासणीला नाही. तिला औषधं मिळालीच पाहिजेत.

कागदावरची संमती पालकांची असली तरी चार वर्षांच्या मुलीच्या ‘नको’लाही किंमत आहे. हे प्रशिक्षणात सांगून भागत नाही, करून दाखवावं लागतं. जोड्या पाडा. एकजण मूल, एकजण परिचारिका. ‘मुलाने’ मधेच हात वर करायचा आणि परिचारिकेने हातातलं काम जिथल्या तिथे सोडून हात मागे घ्यायचे. बहुतेकांचे हात आधी थांबत नाहीत. ‘झालं हं, झालंच आता’ असं म्हणत काम पुढे चालू राहतं, कारण इंजेक्शन देताना आपल्याला हीच सवय लागलेली असते. ही सवय मोडेपर्यंत सराव करून घ्या. जिच्या शरीरावर तिच्या मनाविरुद्ध कुणीतरी हात टाकलाय, तिला आपण धरून, दाबून तपासलं तर आपण तेच पुन्हा केलं.

तोंडी सांगायची वाक्यं आधीच तयार ठेवा. लहान मुलीला: “मी सिस्टर आहे. तुला कुठे लागलंय का, दुखतंय का, ते आपण बघणार आहोत. आई इथेच बसणार. तू ‘थांबा’ म्हणालीस की आम्ही लगेच थांबणार.” मोठ्या मुलीला बोलायला लावण्याआधीच सांगावं लागतं: “तू जे सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण कायद्याप्रमाणे रुग्णालयाला पोलिसांना कळवावं लागतं. पुढे किती बोलायचं ते तू ठरव.” सगळं काढून घेतल्यावर मग पोलिसांचं सांगणं ही फसवणूक आहे.

पालकांनाच प्रकरण दाबायचं असेल तरीही कळवावं लागतं. तपासणीला नकार असेल तर तो समजून-उमजून दिलेला नकार म्हणून लिहून घ्यायचा आणि उपचार चालू ठेवायचे. संशय पालकांवरच असेल तर त्या व्यक्तीला खोलीबाहेर ठेवून बाल कल्याण समितीला कळवायचं. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीबाबत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये एक महत्त्वाची सवलत दिली. मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. प्रसूती विभागातल्या प्रत्येक परिचारिकेला हे माहीत हवं. पोलिसांच्या भीतीने मुली अघोरी उपायांकडे जातात.

चौथी पायरी: मुलाशी बोलणं

रुग्णालयात विचारायचं ते उपचारासाठी आणि कुठले नमुने घ्यायचे हे ठरवण्यासाठी. गुन्ह्याची चौकशी करायला पोलीस आहेत. म्हणून प्रश्न कमी आणि मोकळे ठेवा. “काय झालं ते सांगशील?” हा चांगला प्रश्न. “काकांनी हात लावला का?” हा वाईट, कारण उत्तर त्यातच आहे आणि पुढे न्यायालयात बचाव पक्ष नेमकं यावरच बोट ठेवतो. “तू ओरडली का नाहीस?” हा प्रश्न तर कुणीच, कधीच विचारू नये.

मुलाचे शब्द जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत लिहायचे. मूल ‘शूच्या जागी’ म्हणालं तर ‘शूच्या जागी’ असंच लिहा, तिथे ‘योनीमार्ग’ लिहून त्याची भाषा सुधारू नका. बाहुलीवर किंवा चित्रावर बोट ठेवून दाखवलं तर तेही लिहा. घरात कोरकू, भिली, गोंडी बोलणाऱ्या मुलासाठी दुभाषी हवा, पण तो शेजारी किंवा नातेवाईक नको. ऐकू न येणाऱ्या किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलासाठी विशेष शिक्षकाची मदत घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. जिल्ह्यातल्या अशा व्यक्तींची यादी आधी करून ठेवा. रात्री एक वाजता ती शोधता येत नाही.

एकदा सांगितलेलं पुन्हा विचारायचं नाही. परिचारिकेने ऐकून लिहिलं असेल तर डॉक्टरांनी ते वाचायचं आणि फक्त राहिलेलं विचारायचं. प्रशिक्षणाला डॉक्टरांनाही बसवा असं मी सांगते ते याचसाठी.

पाचवी पायरी: तपासणी, आणि ‘काहीच सापडलं नाही’ याचा अर्थ

जीव आधी. रक्तस्राव, शॉक, फ्रॅक्चर असेल तर पुरावा थांबतो, उपचार थांबत नाहीत.

मग डोक्यापासून पायापर्यंत संपूर्ण शरीर बघायचं, जननेंद्रियं सर्वांत शेवटी. एका वेळी एकच भाग उघडा करायचा, बाकीचं चादरीखाली. लहान मुलीला आईच्या मांडीवर बसवून, पाय बेडकासारखे बाजूला घेऊन बघता येतं. टेबलावर आडवं करण्याची गरज बहुतेकदा पडत नाही. चांगला प्रकाश आणि भिंग बरंच काम करतात. पाळी सुरू न झालेल्या मुलीत स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून आत बघायचं उपकरण) घालायचं नाही. आतून रक्तस्रावाचा संशय असेल तर भूल देऊन थिएटरमध्येच बघायचं. या वयात योनिपटल स्पर्शाला अतिशय हळवं असतं, म्हणून स्वॅब त्याला न लावता बाहेरच्या भागातून घ्यायचा.

कौमार्याची ‘दोन बोटांची’ चाचणी कोणत्याही वयात करायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तिला गोपनीयतेचा आणि प्रतिष्ठेचा भंग ठरवलं. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात तर ती करणारी व्यक्ती गैरवर्तनाची दोषी धरली जाईल असं सांगितलं. या बदलाच्या मागे महाराष्ट्रातलंही काम आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये अशा तपासण्यांच्या दर्जावर सविस्तर अहवाल लिहिला आणि डॉ. रंजना पारधी यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयांत ‘सेहत’ संस्थेने २००८ पासून संवेदनशील तपासणीची पद्धत घडवली. तरीही एखादे ज्येष्ठ डॉक्टर सवयीने हात पुढे करतात. तेव्हा परिचारिकेने काय म्हणायचं, याचाही सराव घ्या: “सर, प्रोफॉर्मात हा रकाना नाही.” हे वाक्य अपमान न करता थांबवतं. न थांबल्यास अधीक्षकांना कळवायचं, आणि असं कळवणाऱ्या सिस्टरच्या पाठीशी आम्ही उभे राहू हे अधीक्षकांनी प्रशिक्षणाच्या दिवशी सर्वांसमोर सांगायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. बहुसंख्य मुलांच्या तपासणीत काहीही इजा दिसत नाही. अमेरिकेत ॲस्ट्रिड हेगर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २३८४ मुलांच्या तपासण्या मांडल्या, त्यांपैकी जेमतेम ४ टक्क्यांत तपासणीच्या वेळी असामान्य खुणा होत्या. २००४ च्या दुसऱ्या एका अभ्यासात ३६ गर्भवती किशोरींपैकी फक्त दोघींमध्ये संभोगाची निश्चित खूण दिसली. मुली गर्भवती होत्या, तरीही! कारण स्पर्श, चोळणं, मुखमैथुन अशा अनेक प्रकारांत जखम होतच नाही. झाली तरी त्या भागातल्या जखमा काही दिवसांत मागमूस न ठेवता भरतात, आणि बहुतेक मुलं फार उशिरा सांगतात. पॉक्सोच्या व्याख्येत हे सगळे प्रकार येतात.

म्हणून अहवालात ‘अत्याचाराचा पुरावा नाही’ असं लिहिणं वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे. ‘तपासणीत इजा आढळली नाही, त्यावरून अत्याचार झालाच नाही असं म्हणता येत नाही’ हे बरोबर. योनिपटल ‘शाबूत’ आहे की ‘जुनं फाटलेलं’, मुलगी संभोगाला ‘सवयीची’ आहे का, हे शब्द अहवालात येऊच नयेत. आई दारातच विचारते, “माझी पोर ठीक आहे ना? लग्नाला काही अडचण नाही ना?” तिला सिस्टर काय उत्तर देते यावर मुलीचं पुढचं आयुष्य अवलंबून असतं. “तिचं शरीर नीट आहे, बरं होणारं आहे. आणि तिने सांगितलं ते खोटं ठरत नाही.” ही दोन्ही वाक्यं एकत्र सांगायला शिकवा.

सहावी पायरी: नमुने, कपडे, सील

केंद्राच्या सूचनांप्रमाणे घटनेपासून ९६ तासांपर्यंत शरीरावरचे स्वॅब घ्यायचे. लहान मुलांच्या शरीरावरून मात्र पुरावा फार लवकर जातो. फिलाडेल्फियात २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा वर्षांखालील मुलांच्या शरीरावरच्या स्वॅबमध्ये ९ तासांनंतर वीर्य आणि १३ तासांनंतर रक्त सापडलं नाही. सापडलेल्या पुराव्यापैकी जवळजवळ दोन तृतीयांश कपड्यांवर आणि चादरींवर होता. आजच्या डीएनए तंत्राने उशिराही काही मिळू शकतं, म्हणून स्वॅब टाळायचा नाही. पण कपड्यांबद्दल विचारल्याशिवाय मुलीला सोडायचं नाही. त्या वेळची चड्डी, फ्रॉक, चादर कुठे आहे, धुतली का? हे लिहून पोलिसांना त्याच दिवशी जप्तीसाठी कळवायचं.

घटनेनंतर आंघोळ, शू-शी, दात घासणं, कपडे बदलणं यांपैकी काय झालं ते लिहा. मुलीला शू लागली असेल तर तिला ताटकळत ठेवू नका. भांड्यात करू द्या, पुसू नका आणि तो नमुना ठेवा.

कपडे काढताना खाली कागदाचे दोन थर पसरा. वरच्या थरावर मुलीने उभं राहायचं आणि कपडे स्वतः काढायचे. कपड्याला भोक किंवा फाटलेला भाग असेल तर तिथून कापायचं नाही. ओला कपडा आधी वाळवायचा, घड्यांमध्ये कागद घालायचा आणि प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात ठेवायचा. वरचा कागदही घडी करून ठेवा, त्यावर काही गळलेलं असू शकतं. मुलीला घालायला नवे कपडे विभागात तयार हवेत. ही छोटी गोष्ट वाटते, पण कपडे ठेवून घेतल्यावर मुलगी रुग्णालयाच्या चादरीत गुंडाळून घरी जाते असं घडतं, आणि ते थांबवणं सोपं आहे.

स्वॅब कोरड्या भागावर घेताना निर्जंतुक पाण्याच्या किंवा सलाइनच्या एक-दोन थेंबांनी ओला करा. जागा बदलली की हातमोजे बदला. नमुन्यांवर बोलू-खोकू नका, मास्क लावा आणि पाकीट चिकटवायला जीभ लावू नका. स्वॅब आणि काचपट्ट्या सावलीत, खोलीच्या तापमानाला वाळवा. ऊन, हीटर किंवा गरम हवा नको. कोकणात पावसाळ्यात वाळायला जास्त वेळ लागतो, तो द्यावाच लागतो. वाळेपर्यंत नमुना एका नेमलेल्या परिचारिकेच्या नजरेसमोर हवा.

याचं महत्त्व पटवायला एक प्रयोग प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी करा. दोन स्वॅब दुधात बुडवा. एक तसाच ओला प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, दुसरा वाळवून कागदी पाकिटात ठेवा. शेवटच्या दिवशी दोन्ही उघडा. प्लास्टिकमधला स्वॅब कुजलेला, बुरशी आलेला दिसतो. यानंतर कुणाला व्याख्यान द्यावं लागत नाही.

डीएनएसाठी रक्त ईडीटीएच्या जांभळ्या बुचाच्या नळीत, मद्यासाठी फ्लोराइडच्या राखाडी बुचाच्या नळीत. रक्त आणि लघवी फ्रीजमध्ये. गर्भपात झाला तर ऊतक फॉर्मलिनमध्ये टाकायचं नाही. प्रसूती विभागात सवयीने बाटलीत फॉर्मलिन ओतलं जातं आणि डीएनए वाया जातं. ही सूचना थिएटरच्या भिंतीवर लावा.

प्रत्येक पाकिटावर एमएलसी क्रमांक, नमुना कशाचा, शरीरावरची जागा, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची सही. लाखेचा शिक्का, आणि त्याच शिक्क्याचा नमुना सीएकडे (रासायनिक विश्लेषकाकडे) जाणाऱ्या पत्रावर. पोलीस लगेच आले नाहीत तर कुलुपाच्या कपाटात. किल्ली कुणाकडे, कुणी कुणाला कधी दिलं, हे रजिस्टरमध्ये सहीनिशी लिहा. पुढे न्यायालयात विचारतात ते हेच. फोटो रुग्णालयाच्या कॅमेऱ्याने, मोजपट्टी ठेवून, संमतीने काढा. स्वतःच्या मोबाइलवर एकही फोटो नको, ‘डॉक्टरांना दाखवायला’ व्हॉट्सॲपवरही नको.

सातवी पायरी: मारहाण ओळखणं

लैंगिक अत्याचाराइतकाच वेळ याला द्यायला हवा, आणि तो सहसा दिला जात नाही. चालायला न लागलेल्या बाळाच्या अंगावर वळ असेल तर सावध व्हा. चार महिन्यांपर्यंतच्या बाळाच्या अंगावरचा कोणताही वळ आणि चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर वळ, या धोक्याच्या खुणा आहेत. ओठाच्या आतला पडदा फाटणं, जबड्याचा कोपरा, गाल किंवा पापण्यांवरचा वळ, डोळ्यातलं रक्त, पट्ट्याची किंवा बोटांची नक्षी, याही. गुडघे-नडगीवरचे वळ मात्र खेळणाऱ्या मुलांना असतातच. वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे हे ठरवता येत नाही, म्हणून तसं लिहू नका. आकार, माप, जागा लिहा.

उलट्या बाजूचीही काळजी घ्या. अनेक भारतीय बाळांच्या कमरेवर, नितंबांवर जन्मतः निळसर डाग असतात, ते वळ नव्हेत. मेळघाटासारख्या भागात पोट फुगलेल्या बाळाला पोटावर चटके देतात. बाळाला इजा झाली आहे, ती नोंदवायची आणि उपचार करायचे, पण आईला गुन्हेगार ठरवणारा स्वर लावला तर ती पुढच्या वेळी बाळाला घेऊन येणारच नाही. जननेंद्रियांवरचे काही त्वचारोग, सायकलच्या दांडीवर पडून झालेली इजा, यांचीही चित्रं प्रशिक्षणात दाखवा.

आठवी पायरी: उपचार आणि पुढच्या भेटी

इथे वेळ मोजून चालावं लागतं. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू करायची, २८ दिवस, मुलांना वजनानुसार. तातडीची गर्भनिरोधक गोळी १२० तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस किती झाली ते पाहून. लघवीवर गर्भचाचणी आणि पाळी उशिरा आली तर पुन्हा. एचआयव्हीची तपासणी आज, मग सहा आठवडे, तीन आणि सहा महिन्यांनी. औषधांचा डबा अपघात विभागातच असावा. रात्री औषधभांडार बंद म्हणून ७२ तास निघून गेल्याचं कारण सांगता येणार नाही.

मुलगी पुन्हा येत नाही, हे इथलं खरं दुखणं. पुढच्या भेटीची तारीख नुसती कागदावर लिहून उपयोग नाही. कुणाला भेटायचं, कुठल्या खोलीत, किती वाजता, हे त्याच सिस्टरने सांगावं आणि शक्यतो तीच त्या दिवशी तिथे असावी. वखर-नांगर सोडून आलेल्या आईबापाला ओपीडीच्या रांगेत उभं करू नका. समुपदेशक, सखी केंद्र (अत्याचारग्रस्त स्त्रिया-मुलींसाठीचं मदत केंद्र), मुलांसाठीची १०९८ हेल्पलाइन आणि मनोधैर्य योजनेची माहिती लेखी द्या. मनोधैर्यचं अर्थसाहाय्य जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातर्फे मिळतं, हे अनेक कुटुंबांना कुणी सांगतच नाही.

प्रशिक्षणाची बांधणी

पाच सलग दिवस मिळत नसतील तर आठवड्यातून एक असे पाच घ्या. पहिला दिवस कायदा आणि स्वॅबचा प्रयोग. दुसरा संमती आणि मुलाशी बोलणं, निम्म्याहून जास्त वेळ सरावाला. तिसरा सामान्य शरीररचना. निरोगी मुलांची शरीरं वयानुसार कशी वेगळी दिसतात हे न पाहिलेली व्यक्ती असामान्य काय ते ओळखू शकत नाही. चौथा दिवस नमुने घ्यायचं पूर्ण किट उघडून सुरुवातीपासून सीलपर्यंत, प्रत्येकीने दोनदा. पाचवा दिवस मारहाण, उपचार आणि लुटुपुटुचं न्यायालय. सरकारी वकिलांना बोलवा आणि उलटतपासणी घ्यायला सांगा. “नमुना तुमच्या ताब्यात किती वाजता आला? मधे तुम्ही चहाला गेला होतात का?” आदल्या दिवशी भरलेलं रजिस्टर हातात घेऊन उत्तर द्यायचं. रजिस्टर नीट असेल तर उत्तर सोपं असतं.

नंतर अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम. आधी बघायचं, मग मदत करायची, मग देखरेखीखाली स्वतः. किती प्रकरणं हे मी आकड्यात बांधत नाही. जिल्हा रुग्णालयात ती लवकर होतात, ग्रामीण रुग्णालयात वर्ष लागेल. प्रकरणं कमी असतील तिथे दर तीन महिन्यांनी पूर्ण सराव पुन्हा घ्या.

महिन्यातून एकदा सर्वांनी बसून झालेल्या प्रकरणांचे कागद नावं झाकून तपासावेत. संमती तिन्ही प्रकारे नोंदली का, मुलाचे शब्द अवतरणात आहेत का, नमुने किती वेळ वाळवले, सात दिवसांत अहवाल गेला का, मुलगी पुन्हा आली का. याच बैठकीचा शेवटचा अर्धा तास परिचारिकांच्या स्वतःच्या बोलण्यासाठी ठेवा, वरिष्ठांना बाहेर ठेवून. तीन वर्षांच्या मुलीची तपासणी करून घरी जाऊन स्वतःच्या तीन वर्षांच्या मुलीला जेवू घालणं सोपं नसतं. झोप उडणं, चिडचिड, आपल्या मुलांना नजरेआड न होऊ देणं ही लक्षणं सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. अशा प्रकरणानंतर दुसऱ्या दिवशी ड्यूटी बदलून मागितली तर इन्चार्ज सिस्टरने ती द्यावी आणि त्याची नोंद रजा म्हणून करू नये.